यादीत नाव, हातात पोच: नव्या मतदारासाठी कायद्याच्या वाटेने मतदानापर्यंत

मतदानाच्या दिवशी सकाळी साडेसातला माझी मावशी नवी साडी नेसून केंद्रावर गेली. हातात ओळखपत्र, त्यावर तिचाच फोटो, तिचाच नंबर. टेबलावरच्या माणसाने यादी दोनदा चाळली आणि सांगितलं, “तुमचं नाव नाही.” ती कार्ड पुढे करत राहिली, तो मान हलवत राहिला. त्या दिवशी तिला मत देता आलं नाही. तेव्हापासून आमच्या भागातल्या मतदार नोंदणी शिबिरात मी दर वर्षी बसते. अठरा पूर्ण झालेली मुलं, नोकरीसाठी शहरात आलेली जोडपी, लग्न होऊन आलेल्या मुली यांना मी तिथे जे सांगते, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आपल्या मताला संसदेने कायद्याचं भक्कम संरक्षण दिलेलं आहे. पण त्यातलं बहुतेक संरक्षण लेखी अर्जावर आणि मुदतीवर चालतं. अर्ज केलेला नसेल किंवा मुदत टळलेली असेल, तर कलम पाठ असूनही उपयोग होत नाही.

पहिली पायरी: हक्क कार्डात नसतो, यादीत असतो

संविधानाच्या कलम ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. कलम ३२५ ने सांगितलं की धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणावरून कुणाचंही नाव यादीतून वगळता येणार नाही. प्रत्यक्ष यादी कशी करायची आणि मत कसं द्यायचं, हे मात्र दोन केंद्रीय कायदे ठरवतात. १९५० चा लोकप्रतिनिधित्व अधिनियम मतदार यादीचा, तर १९५१ चा प्रत्यक्ष निवडणुकीचा. दोन्ही विधेयकं संसदेत मांडून पुढे नेली ती कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. सरसकट प्रौढ मताधिकाराचा आग्रह ते सायमन आयोगापुढे १९२८ पासून धरत होते.

१९५१ च्या कायद्याचं कलम ६२ वाचा. यादीत ज्याचं नाव नाही त्याला मत देता येत नाही, आणि ज्याचं नाव आहे त्याला मत देण्याचा हक्क आहे. ओळखपत्र फक्त तुम्ही तुम्हीच आहात एवढं दाखवतं. माझ्या मावशीचं नेमकं इथेच चुकलं. कार्ड कपाटात सांभाळून ठेवलं, यादी कधी पाहिलीच नाही.

यादीतल्या नावाचं मोल आपल्या पहिल्याच निवडणुकीने दाखवलं होतं. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची यादी झाली. नोंदणीला माणसं दारात आली तेव्हा उत्तरेकडच्या अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीबाहेर राहिली. निर्णय कठोर होता, पण त्यामागचं तत्त्व मला पटतं. मत माणसाचं असतं, कुणाच्या बायकोचं नसतं. आजही शिबिरात एखादी सून अर्ज नवऱ्याच्या हाती देऊन गप्प उभी राहते, तेव्हा मी पेन तिच्याच हातात देते.

दुसरी पायरी: नाव कुठे नोंदवायचं ते ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. “घर गावाकडे, नोकरी पुण्यात, नाव कुठे?” कायद्याचं उत्तर असं: १९५० च्या कायद्याचं कलम १९ म्हणतं की तुम्ही जिथले सर्वसाधारण रहिवासी आहात तिथे. कलम २० याचा अर्थ उलगडून सांगतं. एखाद्या ठिकाणी फक्त घर किंवा जमीन आहे म्हणून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. आणि काही काळासाठी बाहेर गेलात म्हणून रहिवासी असणं संपतही नाही. म्हणजे कोकणात वडिलोपार्जित घर आहे, पण वीस वर्षं बिऱ्हाड ठाण्यात आहे, तर नाव ठाण्यात हवं. बीडचा ऊसतोड कामगार सहा महिने कोल्हापूरकडे असतो आणि पावसाळ्यात गावी परततो, त्याचं नाव गावीच राहतं.

वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना मोकळीक आहे. आईवडिलांच्या पत्त्यावर नोंदवा किंवा वसतिगृहाच्या, पण दोनपैकी एकाच ठिकाणी. कलम १७ आणि १८ नुसार दोन मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा नाव चालत नाही. शहरात नवं नाव घालताना गावचं तसंच ठेवणारे पुष्कळ भेटतात. “राहू द्या, असलं तर काय बिघडतं?” असं म्हणतात. बिघडतं. अर्जावर तुम्ही खाली सही करून जे लिहून देता ते खोटं असेल, तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पत्त्याचा पुरावा म्हणून वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, बँकेचं पासबुक, आधार, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी काहीही चालतं. बिल आईवडिलांच्या नावावर असलं तरी चालतं. भाडेकरूंना एक सांगते: नोटरी केलेला कागद आणि नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार या वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणीकृतच लागतो. घरमालक तो करून देत नसेल तर अडून बसू नका, कारण यातला कुठलाच कागद नसेल तर बीएलओने, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, प्रत्यक्ष येऊन खात्री करायची असते. ज्यांना घरच नाही त्यांनाही नोंदणी नाकारता येत नाही. अर्जात लिहिलेल्या जागी माणूस खरंच झोपतो का, हे बीएलओने रात्री जाऊन पाहायचं, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. पुलाखाली राहणाऱ्या माणसाचीही नोंद होते, हे मी कित्येकदा मुद्दाम मोठ्याने सांगते, कारण हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तिसरी पायरी: तारीख

एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, १९८९ पासून. पण १८ कधी पूर्ण व्हायला हवं? पूर्वी फक्त १ जानेवारी धरत. २ जानेवारीला वाढदिवस असलेल्याला अख्खं वर्ष थांबावं लागे. २०२१ च्या दुरुस्तीने आता चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही देता येतो. अकरावी-बारावीच्या वर्गात जाऊन हे सांगणारे शिक्षक मोठं काम करत आहेत.

चौथी पायरी: बरोबर फॉर्म भरा आणि पोच घ्या

फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी. पत्ता बदलला, लग्नानंतर नाव बदललं, वय चुकलं, कार्ड हरवलं किंवा अपंगत्वाची नोंद करायची आहे, तर फॉर्म ८. पूर्वी मतदारसंघ बदलला की नव्याने फॉर्म ६ भरत. आता तसं नाही, दुसऱ्या मतदारसंघात गेलात तरी फॉर्म ८ च. हे न कळल्याने लोक पुन्हा ६ भरतात आणि नाव दोनदा येतं. फॉर्म ७ नाव वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी, त्याबद्दल पुढे. आधार देणं ऐच्छिक आहे, आणि आधार दिलं नाही एवढ्याच कारणावरून नाव नाकारायचं नाही हे २०२१ च्या दुरुस्तीतच लिहिलं आहे.

अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर करा, बीएलओला द्या किंवा तहसील कार्यालयात नेऊन द्या. कुठेही दिलात तरी पोच किंवा संदर्भ क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. “ठेवून जा, होईल” असं कुणी म्हणालं तर तिथेच उभं राहून नम्रपणे पोच मागा. पुढची प्रत्येक दाद त्या एका चिठोऱ्यावर उभी असते. शंका असेल तर १९५० हा मदत क्रमांक आहे. कायद्याचं वर्षच तो क्रमांक आहे, म्हणून लक्षात राहतो.

मुदतीचं भान इथे ठेवा. कलम २३ नुसार उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवं नाव घालता येत नाही. शिवाय तुमच्या अर्जावर हरकतीसाठी सात दिवस द्यावे लागतात. म्हणून उमेदवारीच्या शेवटच्या तारखेआधी किमान दहा दिवस अर्ज पोहोचला पाहिजे. प्रचाराचे भोंगे सुरू झाल्यावर जागे होणारे दर निवडणुकीत आमच्या टेबलापर्यंत येतात आणि रिकाम्या हाताने परत जातात.

पाचवी पायरी: नाव राखा

नाव घालणं सोपं आहे. राखणं अवघड, म्हणून इथे जरा थांबते.

वर्षातून एकदा, प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागते तेव्हा, आपलं आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव पाहा. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. तुमचं नाव काढा असा फॉर्म ७ दुसरा कुणीही भरू शकतो, अट एवढीच की त्याचं स्वतःचं नाव त्याच मतदारसंघाच्या यादीत असावं. पण नुसता फॉर्म आला म्हणून नाव जात नाही. कलम २२ सांगतं की ‘ही व्यक्ती इथे राहत नाही’ किंवा ‘ही पात्र नाही’ या कारणाने नाव काढण्याआधी मतदार नोंदणी अधिकाऱ्याने तुम्हाला म्हणणं मांडायची वाजवी संधी दिलीच पाहिजे. नोटीस आली तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. तारखेला हजर राहा, कागदांच्या प्रती द्या, त्यांचीही पोच घ्या.

या कलमात एक फट आहे. सुनावणीची सक्ती मृत्यूच्या कारणाला लावलेली नाही. मेलेल्या माणसाला कोण बोलावणार, हा त्यामागचा विचार. पण जिवंत माणसाच्या नावापुढे चुकून ‘मयत’ पडलं की त्याला कळतं ते थेट केंद्रावर. घरात एकटे राहणारे म्हातारे आणि माहेरी-सासरी ये-जा करणाऱ्या विधवा यांच्यावर ही वेळ येऊ शकते. म्हणून यादी पाहताना शेजारच्या आजींचंही नाव पाहा.

न्यायालयांनीही इथे मतदाराची बाजू राखली आहे. १९९५ मध्ये लालबाबू हुसेन खटल्यात मुंबई आणि दिल्लीतल्या अशा मतदारांचा प्रश्न आला, ज्यांना नागरिकत्व सिद्ध करा म्हणून नोटिसा गेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधीच्या यादीत नाव असणं याला वजन आहे. संशय कशावरून घेतला ते मतदाराला सांगा, त्याचे पुरावे नीट पाहा, मगच ठरवा. अलीकडे बिहारमध्ये विशेष सखोल पुनरीक्षणानंतर, म्हणजे यादीच्या मुळापासून केलेल्या फेरतपासणीनंतर, १ ऑगस्ट २०२५ ला लागलेल्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती. तेव्हा १४ ऑगस्टला न्यायालयाने हुकूम दिला की ही नावं कारणांसह जाहीर करा. तेच पुनरीक्षण त्या ऑक्टोबरमध्ये गोव्यासह १२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी जाहीर झालं. यातून नव्या मतदाराने एवढं घ्यावं: नाव गेलं तर ‘का गेलं?’ हा प्रश्न लेखी विचारा. कारण कळलं की उत्तर देता येतं.

सहावी पायरी: नकार आला तर अपील

अर्ज फेटाळला किंवा नाव काढलं, तर लेखी आदेशाची प्रत मागा. आदेशाच्या तारखेपासून १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील. तिथेही नकार आला तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. हे कलम २४ चं संरक्षण आहे. वकील लागत नाही. साध्या कागदावर नाव, पत्ता, आदेशाचा दिनांक आणि म्हणणं लिहायचं, आदेशाची प्रत जोडायची. यादीच्या वादासाठी दिवाणी न्यायालयात मात्र जाऊ नका. कलम ३० ने तो रस्ता बंद केला आहे, आणि तिथे घालवलेल्या दिवसांत अपिलाची मुदत निघून जाते.

यादीच्या कामात अधिकाऱ्याने सबळ कारणाशिवाय कर्तव्य टाळलं तर कलम ३२ मध्ये तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे. हे कलम माहीत असू द्या, पण बीएलओवर उगारू नका. ते बहुतेक शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडीच्या ताई असतात, आपलं रोजचं काम संभाळून उन्हातान्हात जिने चढतात. त्यांना बसायला सांगा, पाणी द्या, आणि कागद तयार ठेवा.

सातवी पायरी: मतदानाचा दिवस

सुट्टी मागायची नसते, ती असते. १९५१ च्या कायद्यातलं कलम १३५ब प्रत्येक धंदा, उद्योग आणि आस्थापनेतल्या कामगाराला मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देतं, रोजंदारीवरच्यालाही. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल अशा कामांना तेवढा अपवाद आहे. सुट्टी नाकारणाऱ्या मालकाला दंड आहे तो फक्त ५०० रुपयांपर्यंत. १९९६ मध्ये ठरलेली ही रक्कम आज अगदीच तोकडी आहे, संसदेने ती वाढवायला हवी. तोवर कलमाचा क्रमांक सांगून आदल्या आठवड्यातच मालकाशी बोललेलं बरं.

मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, पेन्शनचा फोटो असलेला कागद यांपैकी एक चालतं. नुसती मतदार चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाही. वेळ संपायच्या क्षणी तुम्ही रांगेत असाल तर मत दिल्याशिवाय तुम्हाला परत पाठवता येत नाही. रांगेतून बाहेर पडू नका, एवढंच.

आणि समजा तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर? बहुतेक जण इथे हताश होऊन परततात. परतू नका. केंद्राध्यक्षांना म्हणा, “मला प्रदत्त मत द्यायचं आहे.” तुमची ओळख पटली की निवडणूक नियमांतल्या नियम ४९पी नुसार ते तुम्हाला कागदी मतपत्रिका देतात. ती यंत्रातल्या मतांत मोजली जात नाही, वेगळ्या पाकिटात जपून ठेवतात. मग उपयोग काय? निकाल न्यायालयात गेला की ती मतं बोलू लागतात. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मताने हरले, आणि तिथल्या प्रदत्त मतांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

अंध किंवा दुर्बल मतदाराला १८ वर्षांवरचा सोबती आत नेता येतो, मात्र एक सोबती एकाच मतदाराबरोबर. ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. त्यासाठीचा फॉर्म १२डी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत पोहोचावा लागतो. पाच दिवस पटकन जातात, म्हणून आजोबांच्या अपंगत्वाची नोंद फॉर्म ८ ने आधीच करून ठेवा.

ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी हीच वापरून ती प्रभागांत विभागली जाते. वेगळी नोंदणी नसते. विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर सरपंचालाही मत देता येणार नाही.

ज्यांच्यापर्यंत कायदा अजून पोहोचला नाही

दुबई, मस्कत, लंडनला असलेल्यांनी भारताचा पासपोर्ट राखला असेल तर १९५० च्या कायद्याच्या कलम २०अ नुसार फॉर्म ६अ भरून पासपोर्टवरच्या गावच्या पत्त्यावर नाव घालता येतं. मात्र मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागतं. दुसऱ्याकरवी मत देण्याची सोय करणारं विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पुढे सरकलं नाही आणि २०१९ मध्ये लोकसभेबरोबर मावळलं. अमेरिकेचं किंवा पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डावर, मत मिळत नाही.

देशातल्या देशात फिरणाऱ्यांचं दुखणं याहून मोठं आहे. आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये एका यंत्रावर ७२ मतदारसंघांची मतं घेता येतील असा दूरस्थ मतदानाचा नमुना पाहायला राजकीय पक्षांना बोलावलं, पण त्यासाठीचा कायदा आला नाही. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं, ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास. कायद्याने त्या कामगाराचं नाव गावच्या यादीत राखलं, सुट्टीही दिली, पण फडापासून गावापर्यंतची दोनशे-तीनशे किलोमीटरची वाट तशीच राहिली. उमेदवाराने पाठवलेल्या गाडीतून जाऊ नका, मतदारांना फुकट वाहून नेणं हा १९५१ च्या कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार आहे. टोळी निघण्याआधी, उचल (आगाऊ रक्कम) ठरते तेव्हाच, मुकादमाशी मतदानाच्या दिवसाचं बोलून घ्या: कोण कधी गावी जाणार, एसटीचं भाडं कुणाकडून, त्या दिवसाचा खाडा पडणार की नाही. आणि ते उचलीच्या कागदावरच लिहून घ्या.